कुलूपबंद मॉडेल आणि खताची पिशवी

ज्या वाडीची ही हकीकत आहे, तिचं नाव मी लिहिणार नाही. तशी मला अट घातलेली आहे. पोलादपूरहून कुडपणकडे चढत गेलं की वाटेत ज्या वाड्या लागतात त्यांतली एक, एवढं पुरे. दिवाळी अंकात लिहिणार आहे म्हटल्यावर वाडीतल्या चंद्राकाकींनी पदराला हात पुसले आणि सरळ सांगितलं, "लिव. पन वाडीचं नाव घालू नको. डोंगर सरकतो असं छापून आलं तर आमच्या पोरांना पोरी कोन देल?"

अट रास्त आहे. पाळते आहे.

मी इलेक्ट्रॉनिक्सची सर्किटं डिझाईन करते. एखाद्या यंत्राला काही मोजायचं असेल, मोजून ठरवायचं असेल आणि ठरवून चालू-बंद व्हायचं असेल, तर त्याच्या पोटात एक हिरवा बोर्ड असतो. तो बोर्ड कसा असावा हे ठरवणं माझा धंदा. महाडात आमच्या घराच्या पहिल्या मजल्यावर कार्यशाळा आहे. तळमजल्यावर मी काही ठेवत नाही. महाडचे तळमजले सावित्री नदीच्या पुराच्या सवयीचे आहेत. वर दोन टेबलं, विजेचा चढउतार पडद्यावर रेषेने दाखवणारा एक स्कोप, सोल्डरिंगची सामग्री आणि सुनंदा. सुनंदा जवळच्या सव गावची. बोर्ड जोडणं, तपासणं आणि माझं काही पटलं नाही तर तोंडावर सांगणं ही तिची कामं. तिसऱ्या कामाचा पगार ती घेत नाही.

लोकांना वाटतं मी दुरुस्तीचं दुकान चालवते. मिक्सर घेऊन जिना चढून आलेल्या बायका मी परत पाठवलेल्या आहेत, आणि त्यातल्या दोघी अजून माझ्याशी बोलत नाहीत. तेव्हा आधी कामच समजावून सांगते.

तुडीलचे एक गृहस्थ आले होते. नदीवर त्यांचा पंप. पाणी चढून पंपाच्या चौथऱ्याला लागलं की मोबाईलवर मिस्ड कॉल यावा, एवढीच मागणी. आठवड्याने ते बघायला आले, तेव्हा मी संगणकावर त्यांचं सर्किट चालवून बघत होते.

"यंत्र कुठाय?" त्यांनी विचारलं.

"अजून केलेलं नाही. आधी इथे चालवून बघते, मग करते."

ते पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे पान्यात न उतरताच पोवून बघता?"

माझ्या कामाचं याहून चांगलं वर्णन मला अजून सुचलेलं नाही. सर्किट संगणकावर काढायचं. वीज सोडली तर कुठे किती जाईल, काय तापेल, काय अडेल हे प्रोग्रॅम गणिताने दाखवतो. त्या प्रोग्रॅमला सिम्युलेटर म्हणतात. पण त्याला प्रत्येक सुट्या भागाचा स्वभाव आधी सांगावा लागतो. तो स्वभाव ज्या फाईलमध्ये लिहिलेला असतो तिला मॉडेल म्हणायचं. साध्या भागांची मॉडेलं उघडी असतात. वाचता येतात, दुरुस्त करता येतात. चिप बनवणाऱ्या कंपन्या मात्र आपल्या चिपचं मॉडेल पुष्कळदा कुलूप लावून देतात. फाईल उघडली तर समोर निरर्थक अक्षरांची भिंत. आतली रचना प्रतिस्पर्ध्यांना कळू नये म्हणून ही काळजी.

शिवाय ते कुलूप एका ठरावीक सिम्युलेटरलाच उघडतं. तोही ते आतल्या आत उघडतो, वापरतो आणि आपल्याला फक्त उत्तर दाखवतो. दुसऱ्या सिम्युलेटरला तीच फाईल दिली तर तो पहिल्या ओळीलाच हात वर करतो.

सवला गरम पाण्याच्या कुंडांकडे जाताना एक बाई काविळीचं औषध देतात. पाला कोणता ते सांगत नाहीत. सांगितलं की गुण जातो म्हणतात. घरी नेऊन घेतलेलं चालत नाही. त्यांच्याच ओसरीवर, त्यांच्याच हातून घ्यायचं. गुण येतो की नाही हा वेगळा विषय, पण कुलूपबंद मॉडेलचा कायदा तंतोतंत हाच आहे. आता एका बोर्डावर दोन कंपन्यांच्या चिपा असल्या आणि दोघींची कुलपं वेगवेगळ्या सिम्युलेटरची असली, की एकाच वेळी दोन ओसऱ्यांवर बसायची पाळी येते. आमच्या धंद्यातल्या माणसांचं निम्मं आयुष्य या दोन ओसऱ्यांमधल्या वाटेवर जातं.

माझा अशा मॉडेलांवर विश्वास नव्हता, आणि त्याला कारण होतं. मसाला कांडपाच्या एका यंत्राचा बोर्ड करताना एका कुलूपबंद मॉडेलने मला ठासून सांगितलं होतं की चिप थंड राहील. टेबलावर त्या चिपने धूर काढला. सुनंदाने खिडकी उघडली आणि म्हणाली, "ताई, ह्यांनी कुलूप चोरी होऊ नये म्हणून नाय लावलेलं. आत काय नाय ते कळू नये म्हणून लावलंय."

त्यानंतर माझं धोरण ठरलं. जे वाचता येत नाही त्याच्या भरवशावर काही उभं करायचं नाही.

आणि मग सचिन आला.

सचिन चंद्राकाकींचा मुलगा. मुंबईत लिफ्टच्या देखभालीचं काम करतो आणि वाडीच्या मुंबई मंडळाचा सेक्रेटरी आहे. गावच्या पालखीला आला होता, तिथून परस्पर माझ्याकडे. त्याने मोबाईलवर एक फोटो दाखवला. डोंगराच्या उतारावर गवतातून गेलेली भेग, आणि तिच्यात उभा धरलेला कोयता. कोयता मुठीपर्यंत आत गेलेला.

"आईने मापाला धरलाय," तो म्हणाला. "मॅडम, हा क्रॅक डायरेक्ट आमच्या घराच्या वर हाय. मंडळाच्या मीटिंगमध्ये पास झालंय. काहीतरी असं द्या, की डोंगर हलला रे हलला की भोंगा झाला पायजे. सगळी वरच्या शाळेत पळतील, ती बाजूच्या कातळावर हाय."

कल्पना साधी होती. भेगेच्या वर पक्क्या कातळात एक खुंटी, भेगेच्या खाली दुसरी, मध्ये ताणलेली तार. खालची जमीन सरकली की तार ओढली जाणार, बोर्डाला ते कळणार आणि भोंगा वाजणार. पावसाळ्यात तिथली वीज दिवस-दिवस नसते, म्हणून लहानसं सोलर पॅनेल आणि बॅटरी. पॅनेलमधून येईल तेवढी वीज वेचून बॅटरीत भरणारी एक चिप मी निवडली. कमी उजेडातही काम करते अशी तिची ख्याती होती.

जागा बघायला वैशाखात वर गेले. चंद्राकाकींचं घर वाडीच्या टोकाला, भेगेखालचं पहिलं. मागे म्हशींचा गोठा. काकींनी मला ताक दिलं आणि बसायच्या आधीच मुद्द्याला हात घातला.

"तुमी बोंगा लावा. पन एक आदीच सांगून ठेवते बाय. खोटा वाजला तर दुसऱ्यांदा मी उठायची नाय."

"आई, सेफ्टीचा प्रश्न हाय," सचिन म्हणाला.

"तुजी शेफ्टी मुंबयला. मागल्या साली डोंगर येल म्हनून आमाला शाळेत नेऊन बसवलं. नुसती खिचडी खात बसलो. डोंगर हाय तिथंच, आनि माज्या म्हशींचं दूद आटलं. तू भरून देलास काय?"

मी वहीत काही लिहिलं नाही, लिहायची गरज नव्हती. भोंगा उगाच वाजला तर पुढच्या वेळी ही बाई उठणार नाही, आणि ती उठली नाही तर वाडी उठणार नाही. भोंगा वाजायला हवा तेव्हा वाजला नाही, तर कोणी उठायला उरणार नाही. असं गिऱ्हाईक मला आधी मिळालेलं नव्हतं.

वाडीत पावसाची आवरसावर चालली होती. आमच्याकडच्या डोंगरात जे जे उघड्यावर आहे त्याला पावसाआधी काही ना काही बांधतात. पडव्यांना झापं, गवताच्या उडव्यांना ताडपत्री, मोटरसायकलीला गोणपाट. वाटेवर खांबावरचा सोलरचा दिवा होता, त्याच्या पॅनेललासुद्धा खताच्या गोणीतली आतली पांढरट पिशवी घालून सुतळीने आवळलेलं होतं.

"हा दिवा लागतो का?" मी विचारलं.

"लागत नाय," काकी म्हणाल्या. "पन भिजत पन नाय."

सचिन हसून हसून खाली बसला. मला मात्र हसू येईना.

"काकी, माझ्या पॅनेलला पिशवी घालायची नाही हं. ते भिजायलाच केलेलं असतं."

"नाय घालनार."

"नक्की?"

"नाय म्हटलं ना, बाय."

माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे. 'मी गोडाला हात लावला नाही' हे त्या ज्या सुरात म्हणतात, तोच हा सूर होता. निघताना मी काकींकडून खताची एक रिकामी पिशवी मागून घेतली.

महाडला आल्यावर गच्चीवर पॅनेल मांडलं, त्यावर ती पिशवी बांधली आणि पहाटेपासून किती वीज येते ते मोजून ठेवलं. पिशवीखाली उजेड फार हळू चढतो आणि चढून चढून थोडाच चढतो. हे आकडे हाती आल्यावर प्रश्न एकच होता: एवढ्यावर चिपचं भागेल का?

चिपचं मॉडेल कुलूपबंद. माझ्या रोजच्या सिम्युलेटरला ते चालेना. कंपनीला मेल केला, की उघडं मॉडेल द्या, हवं तर गुप्ततेच्या करारावर सही करते. दुसऱ्या दिवशी नम्र उत्तर आलं, की हे धोरणात बसत नाही, आपला दिवस चांगला जावो.

मग नेहमीचा मार्ग. डेटाशीट, म्हणजे कंपनीने छापलेलं चिपचं माहितीपत्रक, पुढ्यात घेऊन मी त्या चिपचं स्वतःचं मॉडेल लिहिलं. आटोपशीर, उघडं, प्रत्येक ओळ मला पाठ. त्याला पिशवीखालचा उजेड दिला. बॅटरी सावकाश भरली. छान.

तरी कंपनीचं मॉडेल एकदा विचारून बघावं म्हणून त्यांच्या शिफारशीचा सिम्युलेटर उतरवून घेतला. त्याची फुकट आवृत्ती मोठं सर्किट घेत नाही. अशा वेळी आम्ही एक युक्ती करतो. कुलूपबंद चिप त्यांच्या सिम्युलेटरमध्ये एकटी चालवायची, तिच्यातून बाहेर येणारी वीज फाईलमध्ये उतरवून घ्यायची आणि ती फाईल आपल्या सिम्युलेटरमधल्या उरलेल्या सर्किटला पाजायची. इथे ती युक्ती चालण्यासारखी नव्हती. बॅटरी नुसती घेत नाही, ती चिपला मागेही ओढते. ती ओढ फाईलमध्ये उतरत नाही. म्हणून भोंग्याचा आणि तारेचा भाग छाटून पॅनेल, चिप आणि बॅटरी एवढंच त्यांच्या सिम्युलेटरमध्ये नव्याने मांडलं. तापमान घालायची एक जागा असते. काही न घातलं तर सिम्युलेटर सत्तावीस अंश धरतो. मी कुडपणच्या पावसातलं घातलं, सोळा.

पडद्यावर जे दिसलं ते असं. उजेड हळू चढत होता. चिपने थोडी शक्ती गोळा केली, जागी व्हायला गेली, आणि जागं होण्यातच ती शक्ती संपून आडवी झाली. पुन्हा गोळा केली, पुन्हा उठली, पुन्हा आडवी. उठताना दर वेळी बॅटरीतला एक घोट घेत होती. भरायला ठेवलेली चिप बॅटरी रिकामी करत होती. असे काही दिवस गेले की भोंगा मुका.

मी लगेच खरी चिप जोडली आणि गच्चीवरच्या पिशवीखालच्या पॅनेलला लावली. पहिल्या फटक्यात सुरू झाली.

"ताई, टेबलावर चालतंय," सुनंदा म्हणाली. "आपल्या मॉडेलात चालतंय. फक्त त्या बंद डबड्यात चालत नाय. मग येडं कोण?"

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. सिम्युलेटर कधीकधी स्वतःच्याच गणितात अडकतात आणि नसलेले झटके दाखवतात. त्यात सचिनचा फोन. "मॅडम, तार, खुंट्या, सगळं वर नेऊन ठेवलंय. मंडळवाले विचारतायत, डिलिव्हरी कधी?" मे संपत आला होता. बोर्ड बदलायचा तर आत्ताच बदलायला हवा होता.

मॉडेल उघडं असतं तर ओळ न् ओळ वाचून मी निकाल लावला असता, की हे खरं आहे की कोणाचा आळस. कुलपामुळे वाचता येत नव्हतं. फक्त विचारता येत होतं. मग विचारत बसले. सत्तावीस अंशांना काय होतं? काही नाही, चालते. चोवीसला? चालते. उजेड झटकन चढला तर? थंडीतही चालते. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर यायला चहा होऊन जायचा. संध्याकाळपर्यंत चित्र दिसू लागलं. अंदाजे विसाच्या खाली आणि उजेड हळू चढतानाच चिप अडत होती, आणि जसजसं थंड करावं तसतशी जास्त अडत होती. पायरी न चुकता.

मी हात थांबवले. गणितात अडकलेला सिम्युलेटर इतक्या शिस्तीत अडकत नाही. तो कुठेही अडकतो. ही शिस्त कोणीतरी घातलेली होती.

आणि माझी गच्ची महाडच्या मे महिन्यात होती. पहाटेसुद्धा भिंती गरम असतात.

सुनंदाला म्हटलं, "चल, बोर्ड फ्रिजमध्ये ठेवू."

कार्यशाळेच्या मागेच आमचं स्वयंपाकघर. बोर्ड डब्यात घालून भाजीच्या कप्प्यात ठेवला, तारा दाराच्या रबरामधून बाहेर काढल्या, एक जोडी गच्चीवरच्या पॅनेलला, एक स्कोपला. पहाटे नवरा दूध घ्यायला आला आणि दारात थबकला.

"हे काय आता फ्रिजमध्ये?"

"दूध वरच्या कप्प्यात आहे. पटकन घे आणि दार लाव."

त्याने तसं केलं. आमचं लग्न टिकलं ते अशाच गोष्टींवर.

उजाडलं. पिशवीखाली उजेड चढू लागला. स्कोपवर रेषा वर सरकली, थोडी डगमगली आणि कोसळली. पुन्हा वर, पुन्हा खाली. रात्री आमच्याकडेच राहिलेली सुनंदा चहाचा कप हातात धरून उभी होती, तो तिने तसाच ठेवून दिला. मी स्कोपवरची रेषा संगणकात घेतली, फ्रिजचं तापमान त्या कुलूपबंद मॉडेलला दिलं, त्याचं उत्तर येऊ दिलं आणि दोन्ही रेषा एकमेकींवर ठेवल्या.

त्या दोन नव्हत्याच. एकच रेषा होती. चढ तोच, डगमगणं तेच, कोसळायची जागा तीच. एक रेषा माझ्या फ्रिजमधून आलेली, भाजीच्या जुडीशेजारून. दुसरी अशा फाईलमधून आलेली, जिचं एक अक्षर मला वाचता येत नव्हतं.

सुनंदाने पडद्यावरच्या रेषेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "ताई, कोणीतरी हे बघून लिवलंय."

हो. कोणीतरी कुठल्यातरी देशात ती चिप थंड पेटीत ठेवली असेल, तिला थेंब थेंब वीज दिली असेल, ती पडताना पाहिली असेल. डेटाशीटमध्ये यातलं काही नाही. तिथे चिपची चांगली बाजू छापलेली असते. मॉडेलमध्ये मात्र त्या माणसाने ती खोड जशीच्या तशी उतरवून ठेवली, आणि वरून कुलूप लागलं. ती ओळ कोणी वाचणार नव्हतं, कोणी तिला शाबासकी देणार नव्हतं. त्या माणसाने कुडपण ऐकलेलं असणं शक्य नाही. सोलरच्या दिव्याला खताची पिशवी घालतात हे त्याला स्वप्नातही दिसलं नसेल. तरीही कुडपणच्या वाटेवर, पावसात, पिशवीखाली काय होईल, ते त्याने आधीच बरोबर लिहून ठेवलं होतं.

मी फार हळवी बाई नाही. विजेची इतकी वर्षं सवय आहे. पण त्या सकाळी मी स्वयंपाकघरात उभी राहून त्या दोन रेषांकडे ज्या नजरेने बघत होते, तसं मी देवळातही कधी बघितलेलं नाही.

मग कामाला लागलो. दुरुस्ती अवघड नव्हती. पॅनेलची वीज आधी बाजूला साठू द्यायची आणि पुरेशी साठल्याशिवाय चिपला उठवायचंच नाही, एवढं बघणारा एक छोटा भाग वाढवला. चिप उठली की मग पडत नाही. नवा बोर्ड त्या कुलूपबंद मॉडेलला दाखवला. त्याने मान्य केला. फ्रिजला दाखवला, त्यानेही केला. माझ्या स्वतःच्या मॉडेलला विचारलं नाही.

जूनच्या सुरुवातीला वर जाऊन बोर्डाच्या पेटीसकट सगळं बसवलं. बॅटरी भरत असली की पेटीवरचा हिरवा दिवा लुकलुकतो. सगळ्यांना सांगून भोंगा एकदा वाजवून दाखवला. कुत्री पळाली, म्हशींनी दावी ताणली. काकींनी कानावरचे हात काढले आणि म्हणाल्या, "आवाज बरा हाय. आता गप ऱ्हा म्हनावं त्याला."

आषाढात सचिनचा फोटो आला. पॅनेलवर खताची पिशवी, चारी बाजूंनी सुतळी, वर नीट गाठ. खाली लिहिलेलं, 'मॅडम सॉरी, आईने घातली. काढायला सांगू का?'

मी विचारलं, "पेटीवरचा हिरवा दिवा लुकलुकतोय का?"

"हो."

"मग राहू दे."

पुढचं मी पाहिलेलं नाही. काकींनी सांगितलं तसं लिहिते.

श्रावणातली दुपार. आठवडाभर सूर्य दिसलेला नव्हता, वाडी धुक्यात. काकी चुलीपुढे भाकऱ्या करत होत्या.

"आदी मला वाटलं म्हस बुजली. मग कळलं, बोंगा. तव्यावर भाकरी होती गो. उलटू काय नको, असं झालं. मग म्हटलं, पयल्या खेपेला खरं धरायचं असं त्या बायशी ठरलंय. उठले. म्हशी सोडल्या, पुढं घातल्या, आनि वरडत सुटले."

सगळी वाडी वरच्या शाळेत जमली. भोंगा वाजतच होता. डोंगर जागच्या जागी. पाऊस पडतोय, माणसं भिजलेली, पोरं रडतायत. बराच वेळ काही झालं नाही. मग कुरकुर सुरू झाली. कोणाची चूल पेटलेली राहिली होती, कोणाची गुरं दाव्याला. दोघे-तिघे परत निघाले.

"मी वाटंत आडवी उबी ऱ्हायले," काकी म्हणाल्या. "एक म्हनतो, काकी, तूच म्हनायचीस ना, सगळं खोटं असतं? म्हटलं, हां, म्हनायची. दुसऱ्यांदा वाजला की म्हनेन. आज पयली खेप हाय. बस गप."

ते परत बसले. आणि मग भोंगा एकदम बंद पडला.

"तो बंद झाला, तवाच मला कळलं," काकी म्हणाल्या.

भोंगा बंद पडला, कारण पेटीसकट तो उतार खाली निघाला होता. आवाज नंतर आला. धुक्यामुळे दिसलं काहीच नाही. पायाखाली जमीन मात्र सगळ्यांनी ऐकली. धुकं विरळ झालं तेव्हा काकींचा गोठा नव्हता, घराची मागची बाजू नव्हती आणि तव्यावरची भाकरी कुठेतरी खाली ओढ्यात गेलेली होती. माणूस एकही नव्हतं त्यात. म्हशीसुद्धा नाही.

रस्ता उघडल्यावर मी गेले. आंब्याचं एक झाड मुळांसकट, मातीसकट, उभंच्या उभं खाली येऊन नव्या ठिकाणी वाढल्यासारखं उभं होतं. त्याच्यावरचं घरटंही जागेवर. माझी पेटी त्या मातीखाली कुठेतरी आहे. पॅनेल तेवढं कडेला सापडलं. काच तडकलेली. पिशवी शाबूत, गाठ शाबूत.

परत आल्यावर मी चिपच्या कंपनीला मेल केला. या वेळी काही मागितलं नाही. तुमचं मॉडेल ज्याने किंवा जिने लिहिलं, त्या व्यक्तीला एवढं कळवा, की थंडीत हळू उठताना चिप पडते ही तुम्ही लिहिलेली गोष्ट खरी आहे आणि तिच्यामुळे एक वाडी शाळेत जाऊन बसली. उत्तर आलं, की आपला अभिप्राय संबंधित विभागाकडे पाठवला आहे, आपला दिवस चांगला जावो. पोचला की नाही, मला कधीच कळणार नाही. याचं मला वाईट वाटतं, आणि मला सहसा वाटत नाही.

काकी आता शाळेमागच्या शेडमध्ये राहतात. वाडीच्या दुसऱ्या अंगालाही एक भेग आहे. मंडळाने दुसरी पेटी मागितली. गेल्या महिन्यात ती बसवायला गेलो. मी खुंटीला तार ताणत होते आणि सुनंदा पॅनेल खांबावर चढवत होती, तेवढ्यात काकी आल्या. काखेत काहीतरी घडी घातलेलं.

"आई, नको!" सचिन ओरडला. "मॅडम, तुम्हीच सांगा तिला."

"गप रे. तिला ठाव हाय," काकी म्हणाल्या आणि घडी माझ्या हातात दिली. खताची पिशवी. धुतलेली, वाळवलेली, चारी टोकांना सुतळी आधीच ओवलेली.

मी ती उजेडाकडे धरून बघितली.

"काकी, ही जरा जाड आहे," मी म्हटलं. "पातळ असेल तर बघा."